अस्सलता (वारसा-संवर्धन)

एखादी वास्तू, चित्र किंवा मूर्ती ज्या काळाची आणि ज्या हातांची म्हणून सांगितली जाते, ती खरोखर तशी आहे का, हे पारखण्याची कसोटी. जुनेपणा आणि अस्सलता यांची नेहमी गल्लत होते. दोन हजार वर्षांच्या लेण्यावर गेल्या वर्षी सिमेंटचा हात फिरवला, तरी लेणे जुनेच राहते. पण समोर दिसणाऱ्यापैकी जुने किती आणि नवे किती, हे सांगता येईनासे होते. उलट, अवघ्या काही वर्षांपूर्वी उभारलेले देऊळही या कसोटीला उतरू शकते. देशाची संस्कृती प्राचीन आहे हे भाषणात सांगून भागते. संवर्धकापुढचा प्रश्न दिसायला किरकोळ, पण सोडवायला जास्त अवघड असतो: हा दगड, हा चुना, हा रंग कुणाचा, आणि ते कशावरून ठरवले?

भारतात हा विचार बाहेरच्या करारांची वाट पाहत थांबला नव्हता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ च्या संवर्धन-पुस्तिकेत बजावले होते की, वास्तूचा अस्सलपणा गेला की तिचे ऐतिहासिक मोलही जाते, म्हणून पहिले कर्तव्य नवे करण्याचे नसून आहे ते राखण्याचे आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या दस्तऐवजाने, हेच जगासाठी नियमांत बांधले. जिथे तर्क लढवावा लागतो तिथे जीर्णोद्धार थांबवायचा. गळालेला भाग नव्याने बसवला, तर तो मुळाशी जुळावा, पण जवळून पाहणाऱ्याला नवा म्हणून ओळखूही यावा. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीसाठी १९७७ मध्ये घडण, सामग्री, कारागिरी आणि परिसर अशा चार कसोट्या ठरल्या.

या कसोट्या पहिल्यांदा अडखळल्या त्या पोलंडमध्ये. वॉर्सॉचे जुने शहर १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी ठरवून जमीनदोस्त केले होते. लढाईनंतर ते पुन्हा उभारताना वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी केलेली मोजणी-रेखाटने आणि अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेलोत्तोची शहरचित्रे यांचा आधार घेतला. बेलोत्तोने काही इमारती चित्रात थोड्या सजवल्या होत्या. ती सजावटही काही ठिकाणी विटांत उतरली. तरीही १९८० मध्ये हे शहर यादीत आले, ते मध्ययुगीन म्हणून नव्हे, तर विसाव्या शतकातल्या पुनर्बांधणीचे उदाहरण म्हणून. म्हणजे शहराने आपले खरे वय लपवले नाही. जॉर्जियातल्या कुताइसी गावच्या बाग्राती कॅथीड्रलचे उलटे झाले. १६९२ मध्ये तुर्कांनी सुरुंगाने उडवलेले हे अकराव्या शतकातले चर्च १९९४ मध्ये भग्नावस्थेतच यादीत आले. पुढे त्यावर छप्पर आणि घुमट चढवून ते 'पूर्ण' केले गेले. २०१० मध्ये ते धोक्यातल्या वारशात गेले आणि २०१७ मध्ये यादीतून वगळले गेले. अवशेष होते तोवर ते अस्सल होते.

लाकडाचे देश आणि नारा दस्तऐवज

दगडी युरोपसाठी घडवलेल्या कसोट्या लाकडी वास्तूंना लावल्या की पंचाईत होते. लाकूड कुजते, भाग बदलावेच लागतात. जपानने १९९२ मध्ये जागतिक वारसा करार स्वीकारला तेव्हा हा वाद ऐरणीवर आला. त्याच देशात दोन अगदी वेगळ्या रीती शेजारी नांदतात.

पहिली होर्यूजी मंदिराची. तिथे इमारत ठरावीक काळाने सांधा न सांधा सुटी करतात, प्रत्येक तुकड्यावर खूण करतात, कुजलेला भाग तेवढा कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देतात आणि पुन्हा उभारणी करतात. त्यामुळे लाकूड जुने राहते, इतके की पाच मजली पॅगोडाच्या मधल्या खांबाचे झाड वलये मोजून इसवी सन ५९४ चे ठरले. जुन्या बखरीप्रमाणे मंदिर ६७० मध्ये जळाले होते, त्यामुळे हे लाकूड तिथे आले कसे यावर अभ्यासक अजून भांडतात. सामग्री टिकली म्हणूनच हे भांडण होऊ शकते. या रीतीला धोकाही आहे. १९४९ च्या २६ जानेवारीला, दुरुस्तीचे काम चालू असतानाच मुख्य सभागृहाला आग लागली आणि अजिंठ्याशी ज्यांची नेहमी तुलना होते ती भित्तिचित्रे होरपळली. वरचा मजला आधीच उतरवून ठेवला होता म्हणून तो वाचला.

दुसरी रीत इसे येथील देवस्थानाची. तिथे दर वीस वर्षांनी मुख्य देवळे शेजारच्या मोकळ्या पटांगणात नव्याने बांधतात, देवता हलवतात आणि जुनी उतरवतात. आतल्या देवस्थानाचे पहिले स्थलांतर ६९० मध्ये झाले, बासष्टावे २०१३ मध्ये. पुढचे २०३३ चे आहे. काम आठ वर्षे आधी डोंगरातल्या विधींनी सुरू होते. हिनोकीचे (जपानी सायप्रसचे) पवित्र झाड तीन बाजूंनी कुऱ्हाडीने पोखरतात, बुंध्यात तीन पाय शिल्लक ठेवतात आणि शेवटी एक पाय तोडून ठरल्या दिशेला पाडतात. अशाने बुंधा चिरत नाही. खांब दगडी जोत्यावर न ठेवता थेट जमिनीत गाडतात, छप्पर गवताचे असते. जमिनीच्या रेषेवर लाकूड कुजतेच, त्यामुळे ही रचना टिकवायची तर पुन्हा बांधण्यावाचून इलाज नाही. इमारतींखेरीज देवतेची वस्त्रे, शस्त्रे, आरसे अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही नव्याने घडवतात. विशीतला उमेदवार चाळिशीत मिस्त्री होतो आणि साठीत देखरेख करतो, असा वीस वर्षांचा हिशेब बसतो.

इसेचे कौतुक करताना दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत ही परंपरा १२० वर्षांहून अधिक काळ खंडित होती. म्हणजे सहा पिढ्या मिस्त्री हे काम न करताच गेले. त्यानंतर सगळे बारकावे जसेच्या तसे परतले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दुसरे, प्रत्येक फेरीला दहा हजारांवर हिनोकीचे ओंडके लागतात. देवस्थानाच्या स्वतःच्या रानात पुरेशी जाड झाडे उरली नव्हती, म्हणून १९२३ पासून दोनशे वर्षांचा लागवडीचा आराखडा राबवला जात आहे. इसे जागतिक वारसा यादीत नाही, हेही जाता जाता नोंदवण्यासारखे.

नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमधल्या नारा शहरात २८ देशांचे ४५ तज्ज्ञ जमले. तिथल्या दस्तऐवजाने अस्सलतेचा आधार सामग्रीवरून माहितीच्या विश्वासार्हतेवर हलवला. आकार, सामग्री, वापर, परंपरा व तंत्र, जागा आणि वास्तूमागची भावना अशा अनेक अंगांनी पुरावा चालेल. मात्र तो पडताळता आला पाहिजे. यातले दुसरे वाक्य सोडून पहिलेच उद्धृत करण्याची सवय आपल्याकडे बोकाळली आहे. 'भावना महत्त्वाची' एवढेच उचलून जुन्या देवळांना चकचकीत फरशी लावली जाते.

अजिंठा: राखण्याच्या नादात

अजिंठ्याची चित्रे ओल्या गिलाव्यावरची नाहीत. खडबडीत कोरलेल्या कातळावर माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही घडण आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना हे रंग परिसरातले. निळ्यासाठीचा लाजवर्द हा दगड मात्र अफगाणिस्तानाकडचा. अशा चित्राचा रंग पापुद्र्याने सुटतो.

तो धरून ठेवण्यासाठी निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन संवर्धकांना बोलावले. त्यांनी सुटलेल्या गिलाव्याच्या कडा बांधून घेतल्या, आणि पुष्कळ भाग त्यामुळेच शाबूत राहिला. पण रंगावर त्यांनी लाखेचा लेप दिला. लाख वयानुसार पिवळी, मग तपकिरी होते आणि आकसते. आकसताना खालचा रंग बरोबर ओढते. पुढच्या पिढ्यांनी अजिंठ्याची 'उबदार सोनेरी छटा' म्हणून जे वाखाणले, त्यात या लाखेचा वाटा मोठा होता. एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्यांनीही चित्र उठून दिसावे म्हणून वार्निश फासले होते, ते वेगळेच. आज लाख काढायची तर द्रावकाचा बोळा टिचभर जागेवर फिरवून, बोळ्यावर तपकिरीखेरीज दुसरा रंग येतो का हे पाहत पुढे सरकावे लागते. गिलावा पोकळ असेल तर आधी तो बांधायचा, सफाई नंतर. क्रम चुकला की चित्र बोळ्याबरोबर येते.

चुना, सिमेंट आणि किल्ल्यांची तटबंदी

महाराष्ट्रात अस्सलतेचा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो तो दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना. चुन्यात गूळ, शिसे आणि अंडी घातली होती, असे गाईड प्रत्येक किल्ल्यावर सांगतो. नमुना तपासल्याशिवाय त्यातले काहीही खरे धरू नये. तपासणी फार महाग नसते. दरजेच्या आतून, पावसाने न धुतलेल्या जागेतून ३० ते ५० ग्रॅम चुना घ्यायचा, वाळवून वजन करायचे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा. चुना फसफसून विरतो. उरलेले गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन केले की वाळू आणि सुर्खी (विटांची भुकटी) यांचे प्रमाण मिळते, आणि चाळण्या लावल्या की दाण्याचा आकार कळतो. कोकणातल्या जलदुर्गांवर मात्र ही कसोटी फसवते. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तोही आम्लात विरतो आणि मिश्रणात चुना आहे त्याहून जास्त भासतो. म्हणून आधी भिंगाखाली शिंपल्याचे तुकडे शोधायचे, मगच आम्ल.

चुनकळी (भाजलेला, न विरलेला चुना) विरवून पाण्याखाली निदान काही आठवडे मुरवतात; न विरलेला खडा आत राहिला तर तो महिन्यांनी भिंतीत फुगतो आणि गिलावा उडवतो. मुरलेल्या एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू, ओलीच्या जागी वाळूतला काही हिस्सा काढून विटांची सुर्खी, हे नेहमीचे प्रमाण. पूर्वी ते बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळत. मळण्याला पर्याय नाही, कारण पाणी वाढवून मऊ केलेला चुना वाळताना तडकतो. बेलफळाच्या पाण्याने चिकटपणा येतो, गुळाने मिश्रण सैल व हाताला सोपे होते. मात्र गूळ जास्त पडला तर चुना घट्टच होत नाही.

दरज रुंदीच्या दुप्पट खोल खरवडून, पिंपळ-उंबराची मुळे काढून, पाणी मारून मग भरतात. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो आणि त्यासाठी ओल लागते. भर उन्हात भरून सोडला तर वरवर वाळतो आणि बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. ओले गोणपाट आठवडाभर तरी हवे. दसरा ते होळी हा कामाचा हंगाम. मे अखेरीस निधी संपवण्यासाठी भरलेल्या दरजा पहिल्या पावसात वाहून जातात.

सिमेंट या सगळ्यातून सोडवते म्हणून कंत्राटदाराला प्रिय असते. नुकसान लगेच दिसत नाही. तटाची भिंत म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये चुना-गोट्यांची भर. वरून शिरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या दरजांतून बाहेर झिरपे. सिमेंटने दरज बंद झाली की पाणी भरीत साचते, तिथला चुना धुऊन नेते, आणि भिंत पोट काढते. बेसॉल्ट कठीण असल्याने दगड सहसा फुटत नाही, त्यामुळे पोट दिसेपर्यंत सगळे ठीक वाटते. मग एखाद्या पावसाळ्यात चांगला दिसणारा तट बसतो. पुढे ते सिमेंट काढायला जावे तर दगडाची घडीव कड सोबत निघते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या संवर्धन धोरणाचाही रोख पारंपरिक सामग्री आणि कारागीर यांवर आहे. अडचण कारागिरांची आहे: चुन्याचा हात असलेला गवंडी मिळाला तरी निविदेत त्याच्या कौशल्याचा वेगळा दर नसतो.

पूजेतला वारसा

वापरातल्या देवस्थानी कुठला थर अस्सल मानायचा, हे ठरवणे सर्वांत नाजूक. वणीच्या सप्तशृंगीची कातळातली मूर्ती २०२२ मध्ये शेंदराच्या जाड लेपाखालून मोकळी झाली आणि मूळ कोरीवकाम दिसले. भाविकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिलेले देवीचे रूप मात्र लेपाचे होते. शेंदूर मूर्तीचे वजन वाढवतो, आत ओल धरतो, थर सुटून कोसळू शकतो. म्हणून तो काढण्यामागे तांत्रिक कारण असते. पण तोही पूजेचा पुरावाच आहे. पंढरपूरला पदस्पर्शाने झिजणाऱ्या विठ्ठलमूर्तीला वेळोवेळी वज्रलेप (झीज रोखणारा लेप) देतात. तिथे २०२४ च्या कामात अलीकडच्या फरश्या काढून मूळ दगड उघडा केला. एका ठिकाणी थर चढवणे आणि दुसऱ्या ठिकाणी उतरवणे, दोन्ही समर्थनीय असू शकते.

जिवंत कलांना तर हा मापदंड लावूच नये, असे २००४ च्या यामातो जाहीरनाम्याने म्हटले, कारण त्या सतत नव्याने घडतात. वारली चित्र लग्नाच्या चौकापुरते, बायकांनी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढायचे होते; १९७० च्या दशकापासून ते कागदावर आले आणि पुरुषही काढू लागले. कागदावरचे वारली नकली ठरवण्याचा अधिकार कुठल्याही संग्रहालयाला नाही.

थर उतरवायचाच असेल तर आधी त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थर मोजतात, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढतात, आणि नजरेआडच्या कोपऱ्यात काही चौरस सेंटिमीटरची पट्टी न पुसता ठेवतात. पुढच्या संवर्धकाला आपल्या आधी इथे काय होते हे त्या पट्टीवरूनच तपासता येते. ती नोंदवहीत दाखवली नसेल, तर उत्साही पुजारी किंवा रंगारी ती पुढच्या सणाला पुसून टाकतो.