एसी सर्किट

एसी सर्किट म्हणजे ज्यात करंट ठरावीक वेळाने उलट-सुलट दिशेने वाहतो असं सर्किट. गोव्यात घराघरात येणारी लाईन बाकी भारतासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फेऱ्या होतात आणि दिशा १०० वेळा बदलते. हे २३० आरएमएस (उष्णतेच्या हिशोबाने धरलेलं मूल्य) आहे, म्हणजे तेवढ्याच डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर) हीटर जेवढा तापेल तेवढाच यावर तापतो, शिखराला मात्र व्होल्टेज ३२५ च्या आसपास जातं.

बारावीत हा धडा आला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोरं आधी फॉर्म्युले पाठ करतात, पण आधी फेज समजून घ्यायला हवी, करंट आणि व्होल्टेज शिखरावर एकदम पोचतात की मागेपुढे एवढाच तो प्रश्न. साध्या रेझिस्टरमध्ये दोन्ही एकदम पोचतात. कॉईल (तारेचं वेटोळं) करंटमधल्या बदलाला अडवते म्हणून तिथे करंट ९० अंश, म्हणजे पाव फेरी, मागे राहतो, आणि कपॅसिटरमध्ये चार्ज साठत जाईल तसं व्होल्टेज चढतं म्हणून करंट ९० अंश पुढे. कॉईलचा अडथळा २πfL, कपॅसिटरचा १/(२πfC) (f म्हणजे फ्रिक्वेन्सी, L कॉईलचा इंडक्टन्स, C कपॅसिटरची कपॅसिटन्स), ज्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही सारखे होतात तिथे रेझोनन्स, रेडिओचं स्टेशन लागतं ते यावरच.

छताचा पंखा बघा. त्यातला २.५ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगच्या (तारेच्या गुंडाळीच्या) करंटची फेज सरकवतो, त्यामुळे फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा स्वतःहून सुरू होतो. कपॅसिटर गेला की पंखा नुसता घुं घुं करत बसतो, काठीने ढकलला तर ढकलाल त्या दिशेने हळूहळू फिरायला लागतो!

आता कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) पंप घेऊ, हिशोबाला सोपं म्हणून चालू मोटर म्हणजे ३० ओहमचा रेझिस्टन्स आणि ४० ओहमची कॉईल सिरीजमध्ये असं धरू. दोघांची बेरीज ७० करायची नाही, त्यांची फेज काटकोनात असते म्हणून पायथागोरस लावायचा, इम्पिडन्स (दोघांचा मिळून अडथळा) ५० ओहम, करंट ४.६ अँपिअर. रेझिस्टन्सवर १३८ व्होल्ट, कॉईलवर १८४, बेरीज ३२२ येते आणि लाईन तर २३० चीच आहे, इथे बरेच जण मीटर बिघडला समजतात, पण दोन्ही व्होल्टेज वेगवेगळ्या क्षणी शिखरावर जातात म्हणून दोन्ही आकडे बरोबरच आहेत. पॉवर फॅक्टर (एकूण भारातला खऱ्या कामाचा वाटा) ३०/५० म्हणजे ०.६, खरी पॉवर साधारण ६३५ वॅट, लाईनमधून मात्र १०५८ व्होल्ट-अँपिअरचा भार जातो. कॉईलला लागणारा हा जादा करंट दर फेरीत येऊन परत जातो, पाणी चढवायच्या कामाला तो येत नाही पण लांब वायर उगाच तापवतो. पंपाला पॅरललमध्ये साधारण ५१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर तो करंट तिथल्या तिथे फिरतो, आणि लाईनमधला करंट ४.६ वरून २.७६ अँपिअरवर उतरतो.