शाईतले श्यांगतान: ची बाइशी यांच्या चित्रांची पार्श्वभूमी

कोबीचा गड्डा, कोळंबी, तेलाच्या दिव्याजवळ घोटाळणारा उंदीर आणि सरपण गोळा करायचे दाताळे हे ची बाइशी यांच्या चित्रांचे विषय आज चिनी कलेची ओळख झाले आहेत. मात्र कागदावर त्यांना मानाची जागा मिळाली ती सहजासहजी नव्हे. चीनमध्ये शाईचित्र ही शतकानुशतके मुख्यतः विद्वान आणि अधिकारी वर्गाची कला होती. डोंगरदऱ्या, बांबू, ऑर्किड आणि आलुबुखाराचा बहर हे तिचे प्रतिष्ठित विषय होते आणि शेतकऱ्याच्या अवजाराला तिथे फारसे स्थान नव्हते.

ची बाइशी यांचा जन्म 1864 साली हुनान प्रांतातील श्यांगतानजवळच्या खेड्यात, तुटपुंज्या जमिनीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबात झाला. आजोबांनी चुलीच्या राखेत चिमट्याने गिरवून त्यांना पहिली अक्षरे शिकवली. शाळा वर्षभरही झाली नाही, कारण घरच्या कामाला हात हवे होते. ते गुरे राखायला जात तेव्हा आजीने त्यांच्या गळ्यात एक घंटा बांधली होती. संध्याकाळी तिचा नाद कानी पडला की नातू परतत असल्याचे तिला कळे. पुढे चित्रावर उमटवायच्या स्वतःच्या एका शिक्क्यावर त्यांनी ‘घंटा ल्यालेला माणूस’ असे कोरले. अंगकाठी नाजूक असल्याने नांगर झेपेना, म्हणून त्यांना सुताराच्या हाताखाली ठेवले गेले आणि तिथून ते लाकडावरील नक्षीकामाकडे वळले. विशीच्या आसपास एका गिऱ्हाइकाच्या घरी चित्रकलेची जुनी छापील वस्तुपाठमाला त्यांच्या दृष्टीस पडली. ती उसनी आणून त्यांनी रात्री जागून तिच्या नकला केल्या. पंचविशी उलटल्यावर स्थानिक विद्वानांकडे त्यांचे चित्रकलेचे आणि काव्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. सुतारकीची खूण मात्र त्यांनी कधी लपवली नाही. चीनमधील सुतारांचे आद्य गुरू मानले जाणारे लू बान यांचा शिष्य म्हणवणारा शिक्काही ते वापरत.

गावाकडची अस्थिरता आणि दरोडेखोरांचा त्रास यांमुळे 1919च्या सुमारास ते पेइचिंगला (बीजिंगला) स्थायिक झाले. माझ्या मते त्यांच्या कलेतील खेडे घडले ते या दुराव्यातून. पेइचिंगमध्ये सुरुवातीला त्यांच्या चित्रांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. चित्रकार मित्र चेन शिझेंग यांनी शैली बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा साठीकडे झुकलेल्या या माणसाने आपली घडलेली पद्धत मोडून ठसठशीत काळी पाने आणि त्यांवर भडक तांबडी फुले रंगवायला घेतली. चेन यांनी 1922 साली ही चित्रे टोकियोच्या प्रदर्शनात नेली. तिथे ती चांगल्या किमतीला विकली गेल्यावरच पेइचिंगमधील रसिकांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. पुढे शांतिनिकेतनात येऊन गेलेले चित्रकार शू बेइहोंग यांनी त्यांना कलाविद्यालयात शिकवण्यासाठी बोलावले.

कोळंबीच्या चित्रांत ही साधना जवळून पाहता येते. लहानपणी तळ्यात पाहिलेली कोळंबी त्यांनी पेइचिंगला भांड्यात पाळली आणि वर्षानुवर्षे न्याहाळली. फिकट शाईच्या ओल्या फटकाऱ्यांनी पारदर्शक शरीर आणि गडद शाईने डोके साधत असतानाच त्यांनी पायांची संख्या कमी करत नेली. पाय घटले तशी चित्रातली कोळंबी अधिक चपळ दिसू लागली.

1953 साली त्यांना ‘जनतेचा कलावंत’ ही पदवी मिळाली. शेतकऱ्याघरचा चित्रकार नव्या कम्युनिस्ट राजवटीला सोयीचा होता, हे खरेच. पण कोबी आणि दाताळे त्यांच्या कागदावर आले होते ते 1949च्या सत्तांतराच्या कितीतरी आधी, कोणाच्याही धोरणावाचून.