डिझायनरच्या मानाचं टपाल तिकीट

एखाद्या माणसाची किंवा घटनेची आठवण म्हणून टपाल खातं जे तिकीट एकदाच छापतं आणि साठा संपला की पुन्हा काढत नाही त्याला स्मारक तिकीट म्हणतात. ते जाहिरात, लोगो, पुस्तकाचं कव्हर, अक्षरं असली कामं करणाऱ्याच्या नावानं निघालं की झालं डिझायनरचं तिकीट. पुढारी, संत, क्रांतिकारक यांच्या मानानं अशी तिकिटं फारच कमी.

भारतातलं जवळचं उदाहरण सत्यजित राय. १९४३ ला ते कलकत्त्यात डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत लागले, सिग्नेट प्रेसची कव्हरं केली, ‘राय रोमन’ नावाचा इंग्रजी टाइपफेस, म्हणजे छपाईच्या अक्षरांचं वळणसुद्धा बनवलं. १९९४ ला तिकीट निघालं खरं, पण ते सिनेमावाल्या रायचं, कव्हरवाला राय बाजूलाच राहिला.

अमेरिकेनं हे जास्त नीट केलंय. २००८ ला चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर नवराबायकोच्या कामावर १६ तिकिटांचा एक संच निघाला, हेच ते ईम्स ज्यांनी १९५८ ला भारत फिरून सरकारला रिपोर्ट दिला, त्यात आपल्या साध्या लोट्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच रिपोर्टच्या आधारावर १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, उभी राहिली. मग २०११ ला १२ इंडस्ट्रियल डिझायनर, आणि तिकिटावर चेहरा नाही तर त्यांनी केलेली वस्तू. त्यातला एक एलियट नॉईज, त्याचा टाइपरायटर घेतलाय, आणि दोन्ही संचांचं डिझाइन केलं डेरी नॉईजनं, म्हणजे त्याच्याच मुलीनं! माझ्या मते चेहऱ्यापेक्षा काम दाखवणं हीच बरोबर पद्धत.

मराठवाड्यात तिकिटाचा विषय निघाला की गाडी निजामावर येतेच, कारण हैदराबाद संस्थानाचं टपाल खातं वेगळं होतं आणि तिकिटावर उर्दू, इंग्रजीसोबत मराठी, तेलुगूही असायची. १९३१ च्या मालिकेत आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार आहे. पुढं १९४९ ला भारत सरकारच्या मालिकेत तीन पैच्या तिकिटावर परत अजिंठाच. ही रोजच्या वापराची तिकिटं, स्मारक नव्हेत. स्मारक म्हणाल तर नर्सीच्या नामदेव महाराजांचं, १९७० चं. पण यातलं एकही तिकीट बघून ते कुणी काढलंय हे कळत नाही, डिझायनरचं नाव तिकिटावर येतच नाही, फारतर सोबतच्या माहितीपत्रकात सापडतं.

नवीन तिकिटाचा प्रस्ताव कुणीही टपाल खात्याला पाठवू शकतं, मग सल्लागार समिती ठरवते. निमित्त बहुतेक जन्मशताब्दीचं. जिवंत माणसाचं तिकीट सहसा नाही, पण १९५८ ला महर्षी कर्व्यांचं निघालं, तेही ते शंभरीत असताना. पहिल्या दिवशी खास शिक्का मारलेलं पाकीट येतं, त्याला फर्स्ट डे कव्हर म्हणतात, जमवणारे त्याच्यावर तुटून पडतात.

‘माय स्टॅम्प’ ही वेगळी भानगड. २०११ पासून पैसे भरले की तिकिटाशेजारी आपला फोटो छापून मिळतो, ते तिकीट पत्रालाही चालतं. पण वाढदिवसाच्या बॅनरवर ‘साहेबांच्या नावानं टपाल तिकीट निघालं’ असं लिहायलेत लोक, ते बहुतेक हेच असतंय.