सर्पदंशाची जखम व वण

सर्पदंशाची जखम व वण : विषारी साप चावल्यावर दंशाच्या जागी येणारी सूज, फोड, मांसाची झड आणि ती जखम भरल्यानंतर कातडीवर व सांध्यावर कायमची राहणारी खूण यांचा विचार या नोंदीत केला आहे. आयुर्वेदात ‘व्रण’ म्हणजे मुळात जखमच. आजच्या मराठीत हा शब्द जखमेसाठीही चालतो आणि तिच्या मागे राहिलेल्या खुणेसाठीही. गोंधळ टाळण्यासाठी येथे उघड्या अवस्थेला जखम आणि भरून आलेल्या खुणेला बोलीतला ‘वण’ हा शब्द योजला आहे. सर्पदंशाची चर्चा बहुधा मृत्यूच्या आकड्यांपाशी थांबते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभर जितकी माणसे सर्पदंशाने मरतात त्यांच्या सुमारे तिप्पट माणसांना अवयव गमवावा लागतो किंवा कायमचे अपंगत्व येते. ही माणसे ‘वाचली’ या सदरात मोडतात आणि त्यामुळेच नजरेआड होतात.

महाराष्ट्रात माणसाला मुख्यतः चार जातींच्या सापांपासून धोका असतो : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांची खूण वेगवेगळी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि जवळजवळ काहीच मागे ठेवत नाही. दात लागल्याचे ठिपकेही पुष्कळदा सापडत नाहीत, सूज नसते, आणि पहाटे पोटात दुखू लागून पापण्या जड झाल्या म्हणजेच दंशाचा संशय येतो. तिच्या विषाचा मारा नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, असल्याने वणाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही, जिवाचा मात्र फार तातडीने उद्भवतो. नागाचे विषही नसांवर काम करते, पण त्यात पेशी फोडणारी द्रव्येही असतात. म्हणून नागाच्या दंशाभोवतीची कातडी काही तासांत सुजते, एकदोन दिवसांत काळपट पडते आणि मग सुटू लागते. घोणस आणि फुरसे यांच्या विषातील विकरे (एन्झाइम) केशवाहिन्यांच्या भिंतींचा आधारच विरघळवतात. रक्त व पाणी भोवतालच्या मांसात झिरपते, गोठण्याची शक्ती संपते, हिरड्यांतून आणि जुन्या ओरखड्यांतूनही रक्त येऊ लागते. कोकणातले फुरसे आकाराने हातभरच असते, पण त्याच्या दंशाने पोटरीपर्यंत चढलेली सूज आणि तिच्यावरचे रक्ताने भरलेले फोड पाहिले की आकारावरून काहीही ठरवू नये हे कळते. सह्याद्रीतला हिरवा चापडा या चौघांत येत नाही. त्याच्या दंशाने सूज व वेदना पुष्कळ होतात, परंतु भारतीय प्रतिविष या चार सापांच्या विषापासूनच तयार होत असल्याने त्यावर ते लागू पडत नाही; तेथे वेदनाशमन, विश्रांती आणि निरीक्षण हाच उपचार.

सर्पदंशाचा वण सापाने दिलेला असतो, हा समज अर्धाच खरा आहे. पायावरच्या जुन्या खुणा नीट पाहिल्या तर त्यांतील अनेक खुणा उपचाराच्या निघतात. घोट्याभोवती कडे घातल्यासारखी फिकट, खोलगट वर्तुळाकार रेघ ही दातांची नसते, तर दोरीची असते; दंशावर आडव्या-उभ्या दोन सरळ चिरा असतील तर त्या वस्तऱ्याच्या किंवा ब्लेडच्या असतात; आणि गोल, चकाकणारा, मधोमध आखडलेला डाग असेल तर तो डाग दिल्याचा म्हणजे तापल्या लोखंडाचा असतो. ‘पान लागले’ म्हटले की (सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून हा शब्द) आधी मिळेल ते फडके, सुतळी वा सायकलची ट्यूब घेऊन पाय आवळायचा, चीर देऊन रक्त काढायचे, कोंबडीची पिल्ले दंशाला लावायची, कडुलिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का ते पाहायचे, हा क्रम अनेक गावांत अजून चालतो. पिल्ले लावण्याने आणि पाल्याने जखम होत नाही, वेळ जातो. आवळण्याने आणि चिरण्याने मात्र दोन्ही होते. घट्ट आवळपट्टीखाली रक्तपुरवठा थांबतो, मांस सडवणारे विष एकाच जागी कोंडते, आणि ती एकदम सोडली तर साचलेले विष एका झटक्यात शरीरभर पसरते. रक्त गोठणे थांबलेल्या रोग्याला चीर देणे म्हणजे न थांबणारी धार मोकळी करणे होय.

हे सारे अडाणीपणाच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण या कृतींना त्या त्या काळच्या शास्त्राचा पाठिंबा होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दंशाच्या चार अंगुळे वर बंध बांधण्यास, छेद देण्यास आणि दाह देण्यास सांगितले आहे. मात्र त्याच ठिकाणी मंडली सापाच्या, म्हणजे घोणसवर्गाच्या, दंशाला कधीही डाग देऊ नये, कारण दाहाने तो दंश पसरतो, असा स्पष्ट निषेधही आहे. हे बारकाईचे निरीक्षण होते. परंपरेने डाग देणे टिकवले आणि निषेध विसरला, याची हळहळ वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात लॉडर ब्रंटन या ब्रिटिश डॉक्टरांच्या कल्पनेतून पोटॅशियम परमँगनेटचे खडे पोकळ मुठीत भरलेले छोटे शस्त्र प्रचारात आले. दंशावर चीर द्यायची आणि खडे आत चोळायचे, असा तो उपाय होता. त्याने विष निकामी झाले नाही, मांस मात्र भाजले.

आजचा प्रथमोपचार म्हणूनच मुख्यतः न करण्याचा आहे. रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळीला वा काठीला सैल बांधून हाड मोडल्याप्रमाणे स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी आणि घोट्यातला काळा दोरा लगेच काढावा. जोडव्यांचा मुद्दा किरकोळ नाही. सूज चढू लागली की तासाभरात जोडवे बोटात रुतते, पुढचा भाग काळानिळा पडतो आणि मग ते कापून काढावे लागते. सापाच्या विषाने जे बोट वाचले असते ते चांदीच्या वेढ्याने जाते. जखम धुऊ नये, चोळू नये, बर्फ लावू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर चालक आणि मागचा धरणारा यांच्या मध्ये रोग्याला बसवून न्यावे. साप मारून वा पकडून नेण्याची गरज नाही, कारण उपचार लक्षणांवरून ठरतो. कोणी आधीच आवळपट्टी बांधली असेल तर ती वाटेत सोडू नये. रुग्णालयात प्रतिविष व श्वासाची साधने हाताशी असताना डॉक्टर ती सोडवतात.

रुग्णालयातली सर्वांत मोलाची तपासणी अगदी साधी आहे. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत शिरेतले २ मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटे तिला हात लावायचा नाही. मग ती एकदाच कलती करायची. रक्ताची घट्ट गुठळी बसली असेल तर ते जागचे हलत नाही. पाण्यासारखे ओघळले तर विष रक्तात भिनले आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो, म्हणून काचेची नवी नळी ही अट आहे. रक्त गोठत नसेल, पापण्या मिटू लागल्या असतील वा सूज वेगाने वर चढत असेल तर प्रतिविष सुरू करतात. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले हे औषध भुकटीच्या रूपात कुपीत असते. त्यात पाणी घालून कुपी जोराने न हलवता हलकेच फिरवावी लागते, नाहीतर फेस होतो. सुरुवातीची मात्रा सामान्यतः १० कुप्या असते. मुलांनाही तीच, कारण साप मुलाला चावताना विष कमी सोडत नाही. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन भरून शेजारी ठेवतात. मुंबईतील परळची हाफकिन संस्था प्रतिविष बनवण्याच्या कामाशी दीर्घकाळ जोडलेली आहे, आणि प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला या आदिवासी जमातीतील साप पकडणाऱ्यांच्या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते.

प्रतिविषाची मर्यादा वणाच्या दृष्टीने समजून घेतली पाहिजे. ते रक्तातले विष बांधते. जे मांस आधीच मेले आहे ते त्याने जिवंत होत नाही. दंशाच्या जागी प्रतिविष टोचण्याचा उपयोग नाही, उलट आतला दाब वाढतो. म्हणून वण किती मोठा होणार हे बऱ्याच अंशी घर ते दवाखाना या अंतरात ठरते, आणि भगताच्या अंगणात गेलेले चार तास पुढे मांडीवरून काढलेल्या कातडीने भरावे लागतात.

भरती झाल्यानंतर सूज शाईने रेघ ओढून व वेळ लिहून मोजतात. फोड फोडत नाहीत. फार ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने आतले पाणी काढतात. धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचेच असते, पण रक्त गोठू लागल्यानंतर, नाहीतर टोचल्या जागीच रक्त साचते. प्रतिजैविके सर्रास नव्हेत, मांस झडले किंवा पू झाला तरच. सुजलेला पाय दगडासारखा लागतो आणि तो चिरून मोकळा करण्याचा मोह होतो. परंतु खरा धोकादायक दाब थोड्याच रोग्यांत असतो, तो मोजून ठरवायचा असतो, आणि रक्त गोठत नसताना ही शस्त्रक्रिया करणे घातक ठरते. घाईने दिलेली लांब चीर हा रुग्णालयातच मिळालेला वण असतो. मेलेला आणि जिवंत भाग यांच्यामधली सीमा स्पष्ट व्हायला काही दिवस जाऊ द्यावे लागतात. ती दिसली की काळे, कोरडे मांस काढतात, तळाशी लाल दाणेदार थर येईपर्यंत पट्टी बदलत राहतात आणि मग मांडीवरची पातळ त्वचा घेऊन त्वचारोपण करतात.

पावलाच्या वरच्या बाजूची अशी जखम भरली की ती जागा चपटी, चकचकीत आणि भोवतालच्या कातडीपेक्षा गडद किंवा फिकट दिसते; केस उगवत नाहीत, घाम येत नाही, आणि कातडी खालच्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) चिकटल्यामुळे बोटे वर ओढली जातात. भाताच्या खाचरात चिखलाने पकडलेला पाय ओढून काढण्यास बोटांची पकड लागते, आणि नेमकी तीच गेलेली असते. म्हणून जखम भरत असतानाच फळी लावून सांधा योग्य स्थितीत ठेवणे, रोज बोटे व घोटा हलवणे आणि चालण्याचा व्यायाम सुरू करणे हे वणावरच्या कोणत्याही मलमापेक्षा महत्त्वाचे आहे. पूर्ण भरलेल्या वणाला खोबरेल तेलाने हलके मालीश केल्याने कोरडेपणा व खाज कमी होते. उंचावणाऱ्या वणाला सिलिकॉनची पट्टी किंवा दाबाचे मोजे, आणि सीमा ओलांडून वाढणाऱ्या कीलॉइडला स्टेरॉइडची इंजेक्शने उपयोगी पडतात. सांधा आखडलाच तर शस्त्रक्रियेने वण सोडवावा लागतो. वणाचा रंग व केस हाही उपचाराचा विषय मानणारी दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताच्या व्रणोपचाराच्या साठ उपक्रमांत फिकट वण काळा करणे, काळा वण फिकट करणे आणि त्यावर केस उगवणे यांचीही गणना आहे.

शासकीय मदतीत या वणांना नीट जागा नाही. महाराष्ट्राच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश असून मृत्यूसाठी २ लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. जागेवर असलेला पण आखडलेला पाय या दोहोंच्या मध्ये पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत स्थान दिले आणि २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व दोन्ही निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ मध्ये आला.

वर्षानुवर्षे न भरलेली किंवा भरून पुन्हा फुटणारी जखम वेगळ्या काळजीची असते. कडा उचललेल्या, फुलकोबीसारख्या वाढलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या व स्पर्शाने रक्त येणाऱ्या अशा जुन्या जखमेत क्वचित त्वचेचा कर्करोग उद्भवतो. तेथे पट्टी बदलत राहण्याऐवजी कडेचा तुकडा काढून तपासणीस पाठवतात.