लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ : वाडा एक, दारे दोन

लॅराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमधून मायएसक्यूएल या डेटाबेसशी जोडणी होत नाही म्हणून कोणी लॅपटॉप घेऊन आले, की मी आधी ‘.ईएनव्ही’ ही सेटिंग्जची फाईल उघडायला सांगतो आणि होस्टपुढे, म्हणजे डेटाबेसच्या यंत्राच्या पत्त्यापुढे, काय लिहिले आहे ते विचारतो. ‘लोकलहोस्ट लिहिलंय सर, १२७.०.०.१ आणि ते एकच की वो,’ हे उत्तर सोलापुरात मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता ते एकच का नाही हे एकदाचे लिहून ठेवलेले बरे.

१२७.०.०.१ सर्वांच्या परिचयाचा आहे. यंत्राने स्वतःलाच हाक मारण्याचा हा पत्ता. जोडणी टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या नेहमीच्या मार्गाने होते, पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचा सेवेचा क्रमांक, बहुधा ३३०६ असतो आणि नेटची केबल उपटली तरी काही बिघडत नाही. त्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

घोळ आहे तो लोकलहोस्टचा. ब्राउझरच्या दृष्टीने ते एक साधे नाव आहे आणि त्याचा पत्ता बहुधा १२७.०.०.१ हाच निघतो, त्यामुळे दोन्ही एकच असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र लिनक्स आणि मॅकवर मायएसक्यूएलचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी जोडणी करणारा प्रोग्राम, लोकलहोस्ट हा शब्द दिसताच पत्ता शोधायच्या भानगडीत पडत नाही. तो थेट त्याच यंत्रावरील एका फाईलमार्फत सर्व्हरशी बोलतो. या फाईलला युनिक्स सॉकेट म्हणतात, आणि या मार्गात टीसीपीही नसते व पोर्टही नसतो. बाळीवेशीतल्या एखाद्या जुन्या वाड्याला रस्त्याकडे दरवाजा आणि मागच्या बोळात परसदार असावे, तसे हे आहे. घरक्रमांक पुढच्या दरवाजावर लावलेला असतो. परसदाराने आत येणारा तो वाचत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यासाठी माझ्या एका विद्यार्थ्याने मागणी-नोंदवहीचे ॲप्लिकेशन केले होते. त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर सारे सुरळीत होते, कारण विंडोजवर लोकलहोस्ट लिहिले तरी एरवी जोडणी टीसीपीनेच होते. कारखान्यातल्या उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) यंत्रावर झॅम्प, म्हणजे वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी यांचा तयार संच, टाकले. ब्राउझरमध्ये पाने उघडली, पण टर्मिनलवर आर्टिसन मायग्रेट ही टेबले तयार करणारी आज्ञा चालवताच ‘२००२, नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश आला. फाईल नाही म्हटल्यावर हा पठ्ठ्या दोन दिवस प्रोजेक्टमध्येच फाईल शोधत बसला आणि पीएचपीची पॅकेजे आणणारा कंपोझर त्याने तीनदा चालवला. हरवलेली फाईल सॉकेटची होती. झॅम्पचा डेटाबेस आपले सॉकेट स्वतःच्या, म्हणजे ‘ऑप्ट’खालच्या फोल्डरमध्ये ठेवतो; टर्मिनलवरचे पीएचपी मात्र उबुंटूचे होते आणि ते ‘व्हार-रन’खाली पाहत होते. एकाच यंत्रावर दोन पीएचपी होते आणि दोघांच्या लेखी परसदार निरनिराळ्या बोळांत उघडत होते.

अशा वेळी कोणीतरी जाणकार त्या जागी रिकामी फाईल तयार करायला सांगतो. ती केली की संदेश बदलून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ होतो, आणि प्रगती झाली असे वाटून माणूस आणखी खोलात जातो. सॉकेट ही सर्व्हरने स्वतः निर्माण करायची गोष्ट आहे. आपण हाताने केलेल्या फाईलमागे ऐकणारे कोणी नसते.

पोर्टचा घोळ याहून वाईट, कारण त्यात चूक दिसतच नाही. यंत्रावर दोन सर्व्हर आहेत, जुना ३३०६ वर आणि नवा ३३०७ वर, असे समजा. होस्ट लोकलहोस्ट आणि पोर्ट ३३०७ लिहिला, तर पोर्ट मुकाट्याने दुर्लक्षिला जातो आणि जोडणी सॉकेट ज्याचे असेल त्या जुन्या सर्व्हरशी होते. जोडणी यशस्वी आणि टेबले गायब, हे कोडे बहुतेक वेळा इथे सुटते. मायएसक्यूएलच्या टर्मिनलवर ‘स्टेटस’ लिहिले, की आपण सॉकेटने आलो की टीसीपीने, ते ‘कनेक्शन’च्या ओळीत स्पष्ट दिसते. पासवर्ड बदलत बसण्यापूर्वी ही एक ओळ वाचण्याचे कष्ट लोक का घेत नाहीत, हे मला आजवर कळलेले नाही.

पासवर्डचा प्रश्न खरोखर असेल तर क्रमांक १०४५ येतो. २००२ मध्ये आपण पासवर्ड विचारला जाईपर्यंत पोहोचलेलोच नसतो. उबुंटूवरच्या मायएसक्यूएलमध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेले, खाते बहुधा सॉकेटवरून, तेही यंत्राच्या रूट वापरकर्त्यालाच आत घेते, त्यामुळे ॲप्लिकेशनसाठी वेगळे खाते काढावे. डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या यंत्रासारख्या वेगळ्या कप्प्यात, १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच. तिथे डेटाबेसच्या सर्व्हिसचे नाव लिहायचे असते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लोकलहोस्ट म्हणजे टीसीपीच, आणि होस्ट रिकामा सोडला तर सॉकेट.

‘.ईएनव्ही’मध्ये १२७.०.०.१ लिहावे, या मतावर मी ठाम आहे. सॉकेट किंचित वेगवान असते हे खरे. पण टॉवेलच्या मागण्या नोंदवताना तो फरक कोणाला जाणवणार? सॉकेटच हवे असेल तर ‘डीबी सॉकेट’पुढे त्याचा पूर्ण मार्ग लिहावा, म्हणजे पुढच्या माणसाला तर्क करत बसावे लागत नाही.

कारखान्यात होस्ट बदलल्यावरही मायग्रेटने तोच २००२ दाखवला, आणि मुलगा माझ्याकडे जरा विजयी नजरेने पाहू लागला. त्याने पूर्वी कधीतरी कॉन्फिग कॅश करून, म्हणजे सेटिंग्जची प्रत साठवून, ठेवले होते, त्यामुळे लॅराव्हेल नवी ‘.ईएनव्ही’ वाचतच नव्हते. ती प्रत पुसणारे कॉन्फिग क्लिअर चालवले, मायग्रेट पुन्हा चालवले आणि टेबले तयार झाली.