पहिल्याच गुन्ह्यात तुरुंग टाळायचाय? परिवीक्षा अशी मागा

परिवीक्षा (प्रोबेशन) म्हणजे दोषी ठरल्यावरही तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सुटका. यासाठी छापील फॉर्म नाही की ऑनलाइन पोर्टल नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 ची सवलत कोर्टातच मागायची असते, तीही सहसा दोष सिद्ध झाल्यावर आणि शिक्षा सुनावण्याआधी. त्या घडीला बहुतेक जण "साहेब, लेकरं लहान आहेत" एवढंच म्हणून गप्प बसतात. त्यापेक्षा निकालाच्या तारखेला वकिलाकडे लेखी अर्ज तयार हवा. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा (हेल्पलाइन 15100). कोठडीत असलेल्याला तिथे उत्पन्नाची अट नाही.

चोरी, फसवणूक असे ठरावीक गुन्हे किंवा 2 वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कलम 3 खाली कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं. कलम 4 ची व्याप्ती मोठी आहे. फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर जास्तीत जास्त 3 वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सुटका होऊ शकते. आरोपी 21 वर्षांखालचा असेल, तर जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात त्याला तुरुंगात का पाठवलं याची कारणं न्यायाधीशांना लिहावी लागतात. हे वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत, निकालाच्या वेळचं धरतात. खटले किती रेंगाळतात हे पाहता हा मुद्दा छोटा नाही.

खरी परीक्षा घरी होते. कोर्टासाठी चौकशी करणारे परिवीक्षा अधिकारी गृहचौकशीला येतात. घरची परिस्थिती, कामधंदा, वागणूक विचारतात. शेजाऱ्यांना पढवून ठेवू नका, ते लगेच कळतं. त्यांचा कोर्टाला दिलेला अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा सारांश कोर्ट आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर बाजू मांडू देतं.

कागदपत्रांची यादी कायद्यात नाही. तरी रेशन कार्ड किंवा वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, मालकाचं पत्र किंवा कॉलेजचं बोनाफाईड जवळ ठेवा. आरोपीचा किंवा जामीनदाराचा कायमचा पत्ता नाहीतर नियमित कामधंदा कोर्टाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथे राहणार असेल तिथे असावा लागतो. या दोन्ही ठिकाणांबाहेरचा मामा जामीनदार म्हणून आणाल आणि तुम्ही स्वतः फिरस्ते असाल, तर अर्ज इथेच अडकतो.

बंधपत्र मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते.

आणि सवलत मिळेल म्हणून गुन्हा कबूल करून टाकू नका. कलम 12 मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता टळते, पण खुद्द दोषसिद्धी पुसली जात नाही. सरकारी नोकरी यानंतरही जाऊ शकते.