बाटलीतला कण आणि ऊतीतला कण

माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह आधीच असते. त्यातले बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये आणि बाकीचे मुख्यतः यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत. त्यात सुईने लोह ऑक्साइडचे थोडेसे नॅनोकण सोडले, तर नवे लोह कुठे गेले आणि किती गेले, हे कसे ओळखायचे? ‘कुठे’ सांगणारी यंत्रे बरीच आहेत. पंचाईत होते ती ‘किती’पाशी.

हे कण मॅग्नेटाइटचे किंवा मॅगहेमाइटचे असतात. गाभा साधारण ५ ते २५ नॅनोमीटरचा आणि वर डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचे आवरण. गाभा इतका लहान असला की शरीराच्या तापमानाची ऊर्जासुद्धा त्याची चुंबकीय दिशा सतत उलटसुलट करत राहते. म्हणून बाहेरचे क्षेत्र नसताना असे कण एकमेकांना चुंबकाप्रमाणे चिकटत नाहीत आणि रक्तवाहिनीत त्यांच्या गुठळ्या होत नाहीत. क्षेत्र लावले की मात्र सगळे एका दिशेला वळतात.

एमआरआयमध्ये कण स्वतः दिसत नाही, त्याने घातलेला गोंधळ दिसतो. आजूबाजूच्या पाण्यातल्या प्रोटॉनांची लय बिघडते, टी-२ काळ, म्हणजे त्यांचा संकेत विरायला लागणारा वेळ, घटतो आणि चित्रात काळा डाग उमटतो. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले फेरिडेक्स हे लोहकणांचे औषध याच तत्त्वावर चाले. यकृतातल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी कण गिळतात आणि यकृत काळवंडते. बहुतेक घातक गाठींत या पेशी नसल्यामुळे गाठ उजळ राहते. कल्पना झकास होती. पण जुना रक्तस्राव, हवा, कॅल्शियमचा थर, शस्त्रक्रियेतली धातूची क्लिप हेही काळेच दिसतात. त्यातून ग्रेडिएंट-एको या एमआरआयच्या एका पद्धतीत डाग खऱ्या आकारापेक्षा फुगतो, आणि संकेत एकदा शून्याला टेकला की लोह दुप्पट झाले तरी चित्र तेच राहते. काळ्याहून काळे काय दिसणार!

यावरचा वेगळा उपाय म्हणजे चुंबकीय कण प्रतिमांकन, एमपीआय. बर्नहार्ड ग्लाइख आणि युर्गेन वाइझेनेकर यांनी तो २००५ मध्ये मांडला. यात थेट कणांचाच आवाज ऐकतात. साधारण २५ किलोहर्ट्झचे आंदोलणारे क्षेत्र लावले की कण संपृक्त होतात, म्हणजे क्षेत्र वाढवले तरी त्यांचे चुंबकत्व वाढत नाही. त्यामुळे त्यांचा प्रतिसाद वेडावाकडा होतो आणि त्यात ७५, १२५ किलोहर्ट्झचे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पटीतले सूर, उमटतात. ऊती आणि रक्त या क्षेत्रात संपृक्त होत नाहीत, म्हणून ते गप्प राहतात. जागा ठरवण्यासाठी समोरासमोर उलट दिशेचे दोन चुंबक ठेवतात. मध्ये जिथे दोघांचे क्षेत्र एकमेकांना रद्द करते, तेवढ्याच बिंदूतले कण मोकळे असतात, बाकीचे जखडलेले. तो बिंदू ऊतीभर फिरवला की नकाशा तयार होतो.

चित्र किती स्पष्ट येणार, हे गाभ्याचा व्यास ठरवतो, कारण कणाचे चुंबकत्व व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. मॅग्नेटाइटचा २५ नॅनोमीटरचा गाभा आणि मीटरला ५ टेस्ला उताराचे क्षेत्र धरले, तर सैद्धांतिक हिशेबाने सुमारे १ मिलिमीटरचा तपशील मिळतो. व्यास निम्मा केला की तोच धूसरपणा ८ पट, म्हणजे ७ मिलिमीटरच्या वर जातो. मग मोठेच कण का वापरू नयेत? कारण २५ नॅनोमीटरहून बऱ्याच मोठ्या कणांची दिशा इतक्या वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रामागे धावू शकत नाही. संकेत मागे रेंगाळतो आणि चित्र पुन्हा फिस्कटते.

यंत्रातली मुख्य डोकेदुखी ही की क्षेत्र पाठवणे आणि संकेत ऐकणे एकाच वेळी चालते. कणांची कुजबुज प्रेषक कॉइलच्या गर्जनेत बुडते. म्हणून ग्राहक कॉइलचे दोन भाग उलट दिशेने गुंडाळून ही गळती रद्द करतात. प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) स्वतःच हार्मोनिक निर्माण करतो, ते प्रेषणाच्या वाटेवरच फिल्टरने अडवावे लागतात. कॉइल तापली की जुळवलेला समतोल सरकतो. त्यामुळे प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर रिकाम्या यंत्राचे मापन घेऊन ते वजा करावे. पोलादी पात्याने कापलेल्या नमुन्यात लोखंडाचा सूक्ष्म कीस राहतो आणि तोही संकेत देऊ शकतो. प्लास्टिकची किंवा सिरॅमिकची हत्यारे बरी.

एवढे सांभाळूनही आकडा चुकतो, तो मोजपट्टी चुकीची निवडल्यामुळे. बाटलीतला कण पातळ द्रवात मोकळा फिरतो. शरीरात गेल्यावर त्याच्यावर प्रथिने चढतात, मग मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्याला गिळून लायसोसोमच्या आम्ल पिशवीत दाटीवाटीने कोंबतात. त्याचे फिरणे अडते, शेजारच्या कणांची क्षेत्रे त्याच्यात ढवळाढवळ करतात आणि संकेत सहसा घटतो व पसरतो. पाण्यातल्या द्रावणावर यंत्र जुळवले असेल तर ऊतीतले लोह खऱ्यापेक्षा कमी दिसते. त्यापेक्षा तेच कण गिळलेल्या पेशींचा गोळा मोजपट्टी म्हणून वापरावा आणि त्यातले लोह आम्लात विरघळवून रासायनिक पद्धतीने मोजावे. पुढे काही आठवड्यांत वा महिन्यांत गाभा विरघळतो आणि लोह फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात जाते. एमपीआयचा संकेत मावळतो. लोह मात्र तिथेच!

म्हणून पडताळणी सूक्ष्मदर्शकाखाली करतात. ऊती उदासीन, बफर केलेल्या फॉर्मेलिनमध्ये ठेवावी, आम्लधर्मी फॉर्मेलिन लोह धुऊन नेते. पोटॅशियम फेरोसायनाइड २ टक्के आणि हायड्रोक्लोरिक आम्ल २ टक्के ऐन वेळी समान मिसळून काप सुमारे २० मिनिटे बुडवला की फेरिक लोह निळे होते. हिमोग्लोबिनमधले घट्ट बांधलेले लोह रंगत नाही, साठवलेले मात्र रंगते. त्यामुळे कण न टोचलेल्या प्राण्याची प्लीहा शेजारी ठेवल्याशिवाय निळ्या ठिपक्यांवर विश्वास ठेवू नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही युरेनिल ॲसिटेट आणि ऑस्मियमचे साके कणांसारखे काळे दिसतात. क्ष-किरण वर्णपटात लोहाची रेषा दिसली तरच तो कण मानावा.

माणसाएवढे एमपीआय यंत्र बनवताना आणखी एक मर्यादा आडवी येते. वेगाने बदलणारे क्षेत्र नसांना उत्तेजित करते, स्नायू आचके देतात आणि शरीर तापते. म्हणून क्षेत्राची ताकद कमी ठेवावी लागते. शस्त्रक्रियागृहात मात्र कण आजच वापरात आहेत. स्तनाच्या कर्करोगात ते गाठीजवळ टोचून पहिली लसीका गाठ, म्हणजे कर्करोग पसरला तर आधी जिथे पोचेल ती, हातातल्या चुंबकीय शोधकाने हुडकतात. शोधक टेकवताना पोलादी चिमटे बाजूला ठेवावे लागतात. टोचलेल्या जागी उरलेले कण पुढे कित्येक महिने एमआरआयमध्ये काळा डाग पाडतात, म्हणून तपासणीचा बेत आधीच ठरवलेला बरा.